खालच्या पटाशीच्या दातात दुसरा कॅनाल शोधताना

रविवार, सकाळ

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू पाठवलेला एक्स-रे पाहिला. खालचा डावीकडचा मधला पटाशीचा दात, मुळाच्या टोकाशी मसुराच्या दाण्याएवढी काळी सावली, आणि खाली तुझा प्रश्न : "मॅडम, मुळातली नसेची नळी, म्हणजे कॅनाल, एकच आहे ना?" मी फक्त "माहीत नाही" एवढंच उत्तर पाठवलं. तुला ते तुटक वाटलं असेल. पण त्या एका फिल्मवरून मला खरोखरच सांगता येत नव्हतं, आणि तुलाही सांगता येणार नाही. आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

तुमच्या विभागात काढलेल्या दातांची बरणी असेलच. तिच्यातला एक खालचा इन्सायझर, म्हणजे पटाशीचा दात, उचल. समोरून बघ, मग चिमटीत फिरवून बाजूने बघ. समोरून अगदी अरुंद दिसणारं मूळ बाजूने केवढं रुंद आहे! आतली पोकळीही तशीच, ओठाकडून जिभेकडे पसरलेल्या फितीसारखी. वय वाढतं तसं आत डेंटिन (इनॅमलखालचा दाताचा कठीण थर) साचत जातं आणि ती फीत मध्येच चिमटली जाते. मग ओठाकडे एक आणि जिभेकडे एक असे दोन मार्ग तयार होतात. आपला एक्स-रे किरण मात्र समोरून आत जातो. त्याला हे दोन्ही मार्ग एकामागे एक दिसतात, म्हणजे एकच दिसतो. दाताची रुंदी जिथे खरी आहे, नेमकी तीच दिशा फिल्मवर चपटी होऊन जाते.

हे काही आजचं ज्ञान नाही. झ्युरिकच्या वॉल्टर हेस यांनी १९१७ मध्येच दातांच्या आत रबर भरून त्याचे साचे काढले होते. दाताच्या मुळात एकच सरळ नळी असते असं आपण समजतो, तिथे त्यांना फाटे, जोडरस्ते आणि जाळी सापडली. पुढे १९७४ मध्ये बेंजामिन आणि डाउसन यांनी ३६४ खालचे इन्सायझर तपासले. ४१.४ टक्के दातांत दोन कॅनाल होते, पण टोकाशी वेगवेगळी दोन तोंडं उघडणारे दात फक्त १.३ टक्के. व्हर्टुची यांनी दात पारदर्शक करून आत रंग भरला. १९८४ च्या त्यांच्या अभ्यासात खालच्या मधल्या इन्सायझरपैकी ७० टक्के दातांत सरळ एकच कॅनाल होता. २२ टक्क्यांत एकाचे दोन होऊन पुन्हा एक झाला होता, ५ टक्क्यांत वरून दोन निघून खाली मिळाले होते, आणि ३ टक्क्यांत ते शेवटपर्यंत वेगळे राहिले होते. अभ्यासाची पद्धत आणि लोकसमूह बदलला की आकडे बदलतात, त्यामुळे ते घोकत बसू नकोस. खुर्चीत बसलेल्या दर तीन-चार पेशंटांमागे एकाच्या या दातात दुसरा कॅनाल असू शकतो, एवढं मनात ठेवून हँडपीस (दात कोरायचं यंत्र) उचल.

आता तू विचारशील, बहुतेक दातांत दोन्ही मार्ग शेवटी एकच होत असतील, तर एक साफ करून भरला की पुरे नाही का? हा प्रश्न मीही एकेकाळी विचारला होता. त्याचं उत्तर मला एका पेशंटनं दिलं.

मी नवीन होते. फिल्म डार्करूममध्ये हाताने धुवायचे ते दिवस. प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आल्या होत्या, खालचा पटाशीचा दात काळवंडलेला. मी आरसीटी (रूट कॅनाल ट्रीटमेंट) केली. फिल्म इतकी सुरेख आली की ज्युनिअर्सना दाखवायला मी ती व्ह्यूबॉक्सवर लावून ठेवली. कॅनालमध्ये भरायचा रबरासारखा गटापर्चा टोकापर्यंत, कुठे पोकळी नाही. दीड वर्षानं बाई परत आल्या. हनुवटीवर एक बारीक फोड होती, ती फुटायची, सुकायची, पुन्हा भरायची. त्यांना वाटत होतं हा कातडीचा आजार आहे. कितीतरी महिने त्या मलमं लावत होत्या. दात दुखत नव्हता, त्यामुळे दाताचा संशय त्यांना आलाच नाही. खालच्या पुढच्या दातांचा पू कधीकधी हाडातून थेट हनुवटीच्या कातडीवर वाट काढतो, हे तू पुस्तकात वाचलं असशील. मी ते त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिलं. फोडीच्या तोंडातून हळूच गटापर्चाची काडी सरकवून फिल्म काढली. काडी माझ्याच सुरेख दाताच्या टोकाशी जाऊन थांबली.

मग मी एक्स-रेची ट्यूब बाजूला सरकवून दुसरी फिल्म घेतली. भरलेली पांढरी रेघ मुळाच्या मधोमध नव्हती, एका कडेला होती. दुसऱ्या कडेला न भरलेल्या मार्गाची अस्पष्ट काळी रेषा. दात पुन्हा उघडला, जिभेकडची बाजू थोडी वाढवली, आणि आठ नंबरची फाइल (कॅनाल साफ करायची बारीक सुई) सरकन आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचा वास सगळ्या खोलीत पसरला. तो मार्ग खाली मुख्य कॅनालला मिळत होता आणि त्यातली घाण दीड वर्ष त्याच टोकातून बाहेर जात होती. दोन रस्ते एका तोंडाशी मिळत असले तरी न धुतलेला रस्ता तिथे काय आणून सोडतो, हे मला तेव्हा कळलं. बाईंना मी सगळं खरं सांगितलं. त्यांचे पुढचे पैसे घेतले नाहीत. हनुवटीवरची फोड भरून आली, डाग मात्र राहिला.

म्हणून पहिलं काम, दुसरी फिल्म. सरळ एक, आणि ट्यूब आडवी वीस-तीस अंश सरकवून एक. एसटीच्या खिडकीतून बाहेर बघताना जवळची झाडं मागे पळतात आणि लांबचा डोंगर आपल्याबरोबर चालतो, ते आठव. ट्यूब म्हणजे आपली गाडी. ओठाकडचा कॅनाल ट्यूबच्या जवळ, म्हणून तो फिल्मवर उलट्या दिशेला सरकतो. जिभेकडचा लांब, म्हणून तो ट्यूबबरोबर जातो. ट्यूब कुठल्या बाजूला सरकवली ते मात्र केसपेपरवर लगेच लिहून ठेव. संध्याकाळी आठवत नाही, आणि दिशाच माहीत नसेल तर दोन फिल्मचा उपयोग अर्धाच राहतो.

सरळ फिल्ममध्येही खुणा असतात, बघायला वेळ द्यायला हवा. वरून ठळक दिसणारा कॅनाल मुळाच्या मध्यावर एकदम पुसट किंवा नाहीसा होत असेल, तर तिथे तो फुटला आहे असं धरून चाल. मुळाच्या कडेने लिगामेंटची (मूळ हाडाला धरून ठेवणाऱ्या तंतूंची) काळी रेघ दुहेरी दिसली, तर मूळच दोन असण्याची शक्यता आहे. खालच्या सुळ्यात हे विसरू नकोस. काम चालू असताना फाइल आत ठेवून तिरपी फिल्म घे. ती मुळाच्या मध्यावर नसेल तर दुसरं काहीतरी आत आहे.

आता हाताचं काम. आपण दात जिभेकडून उघडतो, म्हणून फाइल आपोआप ओठाकडे जाते आणि जिभेकडचा कॅनाल डेंटिनच्या खांद्याखाली लपून राहतो. दातात केलेलं तोंड वर चावायच्या कडेकडे आणि खाली सिंग्युलमकडे (दाताच्या आतल्या बाजूच्या हिरडीजवळच्या उंचवट्याकडे) वाढव, ओठ-जीभ दिशेने लांबट कर. आजूबाजूला मात्र अजिबात नाही. या दाताच्या बाजूच्या भिंती पातळ असतात आणि तिथे छिद्र पडलं की दात वाचवणं अवघड होतं. खांदा हळूच काढ, डीजी-१६ एक्सप्लोररचं (कॅनालचं तोंड चाचपायच्या अणकुचीदार हत्याराचं) टोक जिभेकडच्या भिंतीवरून वरून खाली फिरव, लहान फाइलचं टोक किंचित वाकवून त्याच भिंतीला घासत ने. दाताच्या आतल्या पोकळीत हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, धुवायचं द्रावण) भरून मायक्रोस्कोपखाली थांबून बघ. उरलेल्या टिश्यूवर त्याचे बारीक बुडबुडे उठतात, आणि कधीकधी ते नेमक्या ठिकाणाहून उठताना दिसतात. शोधूनही सापडला नाही तर जोर लावून खणत बसू नकोस.

वरच्या पुढच्या दातांबद्दल थोडक्यात. मधल्या इन्सायझरमध्ये व्हर्टुची यांना शंभर टक्के एकच कॅनाल दिसला. तरी तिथे दोन कॅनालच्या केस रिपोर्ट आहेत. एखादा दात शेजारच्यापेक्षा फारच रुंद दिसला तर आधी दात मोज. संख्या एकाने कमी असेल तर दोन दात जुळले असण्याची शक्यता जास्त, पूर्ण असेल तर एकच दात दुभंगू पाहत होता. सुळा लांब असतो, पंचवीस मिलिमीटरची फाइल कधीकधी अपुरी पडते, तेव्हा एकतीसची जवळ ठेव.

बाजूचा इन्सायझर मात्र फसवा. त्याचं टोक बऱ्याचदा मागच्या बाजूला, म्हणजे सुळ्याकडे, वळतं. टाळूकडे वळलं असेल तर फिल्मवर ते वळण दिसतच नाही, दात फक्त थोडा आखूड वाटतो. त्याच दातात कधीकधी इनॅमल आतच दुमडून दातात दात तयार झालेला असतो. ओलर्स यांनी १९५७ मध्ये त्याचे तीन प्रकार सांगितले. तिसऱ्या प्रकारात ती दुमड मुळातून जाऊन थेट बाहेर उघडते, आणि कधीकधी खरी नस जिवंत असतानाही बाजूला पू होतो. म्हणून व्हायटॅलिटी टेस्ट (नस जिवंत आहे का ती तपासणी) न करता असा दात उघडू नकोस. आणि सिंग्युलमपासून मुळावर उतरणारी टाळूकडची खाच. फिल्मवर ती कॅनालला समांतर काळी रेघ दिसते आणि दुसऱ्या कॅनालसारखी भासते. प्रोबने टाळूकडे एकाच जागी खोल, अरुंद पॉकेट (हिरडी आणि दात यांच्यातली पोकळी) लागतंय का ते आधी बघ.

तुझ्या कॉलेजात सीबीसीटी (दातांचं थ्रीडी स्कॅन) आलंय म्हणालीस. आनंद वाटला. खालच्या इन्सायझरचे ॲक्सिअल (आडवे) स्लाइस वरून खाली सरकवताना गोल पोकळीचा आठ होतो आणि आठाचे दोन ठिपके होतात, ते पाहताना मला अजूनही उचंबळून येतं. पण प्रत्येक पेशंटला तिकडे पाठवू नकोस. अमेरिकन एंडोडॉन्टिस्ट आणि ओरल रेडिओलॉजिस्ट यांच्या संघटनांच्या २०१५ च्या संयुक्त निवेदनातही आधी तोंडातली साधी फिल्म, आणि जादा कॅनालची किंवा गुंतागुंतीच्या रचनेची शक्यता असेल तरच लहान क्षेत्राचं स्कॅन, असं सांगितलं आहे. किरणांचा डोस साध्या फिल्मपेक्षा जास्त, आणि खर्चही पेशंटचाच. स्कॅन घेतलंच तर सगळे स्लाइस तू स्वतः सरकवून बघ, रिपोर्टमधल्या दोन ओळींवर थांबू नकोस. गटापर्चा किंवा धातूच्या पोस्टभोवती (मुळात बसवलेल्या खिळ्याभोवती) काळे पट्टे उमटतात, ते राहिलेल्या कॅनालसारखे किंवा चिरेसारखे दिसतात. अशा पट्ट्यावरून दात काढायचा निर्णय झालेला मी पाहिला आहे, आणि काढलेल्या दातात चीर नव्हती.

तुझा पेशंट मंगळवारी येतोय ना? उघडण्याआधी ट्यूब मेसिअलकडे (जबड्याच्या मध्यरेषेकडे) सरकवून एक फिल्म घे. हनुवटीवर फोड किंवा जुना डाग आहे का ते विचार, आणि बोटाने चाचपून बघ. दोन्ही एक्स-रे मला पाठव, आणि यावेळी दिशा लिहून पाठव. मी दुपारी दोननंतर मोकळी असते.

तुझी,
मॅडम