जुना लॅपटॉप घेतोय, प्रोसेसर बघू की रॅम?

तुम्ही लिहिलंय की धुळ्यात 18 हजारात दोन जुने लॅपटॉप मिळताहेत, एक आय7 सहावी जनरेशन 16 जीबी रॅमवाला, दुसरा आय5 आठवी जनरेशन पण रॅम 8च, आणि काम म्हणजे बहिणीची टॅली, कॉलेज, थोडं युट्यूब. भाऊ, मी दुसरा घेतला असता.

आय7च्या स्टिकरला मी स्वतः भुललोय. केळीच्या गाड्यांची बिलं करायला असाच एक उचलला होता, 4 जीबी रॅम आणि आत जुनी हार्डडिस्क. टॅली, एक्सेल आणि क्रोमचे चार टॅब उघडले की हार्डडिस्कचा दिवा विझायचाच नाही, कारण रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणत बसतं, बाहेर ड्रायव्हर हॉर्न मारतोय आणि इकडे बिल काही प्रिंटला जात नाही. प्रोसेसर तेव्हा निवांत बसलेला. 8 जीबी रॅम आणि एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान डिस्क) टाकली, तोच लॅपटॉप पळायला लागला.

मग 16 जीबीवालाच घ्या असं का नाही म्हणत? कारण रॅम मागून टाकता येते, प्रोसेसर आजकाल बोर्डालाच सोल्डर असतो, तो आहे तोच राहणार. आणि गिगाहर्ट्झच्या आकड्यावर जाऊ नका, आय7-6500यू वर 2.5 लिहिलेलं असतं आणि आय5-8250यू वर 1.6, पण पहिल्यात कोर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे हात, 2 आणि दुसऱ्यात 4. (नंबरच्या शेवटी एचक्यू असेल तर सहाव्या जनरेशनचा आय7 पण 4 कोरचा असतो, तेवढं बघा.) शिवाय विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि इंटेलमध्ये विंडोज 11 अधिकृतपणे साधारण आठव्या जनरेशनपासूनच चालतं.

फक्त दुकानात टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. तिथे स्लॉट 2 पैकी 1 वापरात दिसला आणि फॉर्म फॅक्टरपुढे एसओडीआयएमएम (SODIMM, म्हणजे काढता-घालता येणारी रॅमची स्टिक) असेल तर उद्या अजून 8 ची स्टिक बसेल. 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर रॅम सोल्डर केलेली आहे, मग दुकानदाराला मागचं झाकण उघडून रिकामा स्लॉट दाखवायला लावा. रॅमचे भाव हल्ली चढलेत, म्हणून स्टिकचा रेट आधीच विचारून ठेवा. एसएसडी नसेल तर मात्र ती पहिली टाका.

अन् आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, प्रोसेसर तापला की स्वतःच स्पीड कमी करतो, एसी लावलेल्या दुकानात पाच मिनिटांत ते कळत नाही. मोठा व्हिडिओ लावून द्या, सोबत पाचसहा टॅब उघडा, खाली जाऊन चहा पिऊन या, मग टास्क मॅनेजरमध्ये काहीतरी उघडता उघडता सीपीयूचा स्पीड बघा. जोर लागतोय तरी एक गिगाहर्ट्झच्या खाली अडकून बसला असेल तर फॅन साफ करून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून मागा, पैसे द्यायच्या आधी, नंतर कोणी करून देत नाही.