मुलाखतीतली बाई आणि मंचावरची बाहुली

प्रश्न : घरात आणि नोकरीत बाई म्हणून वाट्याला येणाऱ्या दुजाभावाबद्दल आमच्या नाट्यगटाने अकरा स्त्रियांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आहेत. त्यांवरून बाहुल्यांचा प्रयोग बसवायचा आहे. पण बाहुल्यांमुळे विषय पोरकट होईल, अशी काहींना धास्ती वाटते. आपले मत कळवावे. — एक वाचक, सातारा

उत्तर : धास्ती अगदीच अनाठायी नाही, बोलकी बाहुली दिसली की आपला प्रेक्षक हसण्याच्या तयारीनेच बसतो. मात्र दक्षिण आफ्रिकेतील हँडस्प्रिंग पपेट कंपनीने १९९७ साली ‘उबू अँड द ट्रुथ कमिशन’ या नाटकात वर्णभेदाच्या काळातील अत्याचारांच्या साक्षी बाहुल्यांच्याच तोंडी दिल्या. दुसऱ्याने प्रत्यक्ष भोगलेले दुःख नटाने ‘वठवून’ दाखवावे का, हा त्यांच्यापुढचा पेच होता. लाकडी बाहुली आपण ती व्यक्तीच असल्याचा आव आणत नाही, आणि तिला चालवणारे कलावंत उघडपणे शेजारी उभे असल्याने तेच तिचे पहिले श्रोते होतात.

बाहुलीचा प्रकार मात्र विचारपूर्वक निवडावा. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्यांबद्दल मला नितांत आदर आहे. पण ‘कळसूत्री बाहुली’ हा शब्दच मराठीत दुसऱ्याच्या तालावर नाचणाऱ्या माणसासाठी इतका रुळला आहे की, दोऱ्यांना लटकलेली बाई दिसताच प्रेक्षक अर्थ लावून मोकळा होईल आणि पुढचे ऐकणारच नाही. त्यापेक्षा टेबलावर उभी राहणारी, मागून दोघांनी धरलेली बाहुली घ्यावी. चेहरा ना रडका असावा ना हसरा. मान जराशी झुकली की सावली पडून त्याच चेहऱ्यावरचा भाव बदलतो. वाक्य सुरू होण्याआधी छाती किंचित उचलून तिला श्वास घेऊ द्यावा.

मुलाखतींची भाषा सुधारू नये. “तसं काही नाही हो, चांगलेच आहेत सगळे,” असे म्हणून एखादी बाई गप्प होते आणि बऱ्याच वेळाने आपले एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असते हे सांगते, तेव्हा नाट्य त्या गप्प राहण्यात असते. तेवढ्या वेळात बाहुलीने पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले तरी पुरे.

नाव बदलल्याने ओळख लपत नाही. ‘तिसऱ्या मुलीनंतर नोकरी सोडलेल्या बाई’ एवढ्यावरून गाव बरोबर ओळखते. म्हणून संहिता झाल्यावर प्रत्येकीला तिचा भाग वाचून दाखवावा, आणि तिने नको म्हटलेले वाक्य, ते कितीही टाळ्या घेणारे असले तरी, गाळावे. पहिला प्रयोग तिच्या सासरच्या गावी तर मुळीच लावू नये.