जुनी वाळू टाकण्याआधी

फाउंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून कास्टिंग बनवतात त्या कारखान्यात, नवीन आहात, तर आधी स्क्रॅपकडे नको, वाळूकडे बघा. भंगार भट्टीत परत जातंच. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक पट्ट्यात ते कुणाला शिकवावं लागत नाही. ट्रॉल्या भरून बाहेर जाते ती वाळू.

पहिलं काम म्हणजे ढीग वेगळे करा. ग्रीन सँड (बेंटोनाइट माती आणि पाण्याने बांधलेली साच्याची वाळू) एकीकडे, रेझिनने बांधलेल्या कोअरचे (कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या भागांचे) तुकडे दुसरीकडे. सोडियम सिलिकेटची वाळू तर यांच्या जवळही नको, त्यातला सोडा बेंटोनाइट बिघडवतो.

ग्रीन सँड नॉकआउटनंतर (साचा फोडून कास्टिंग काढल्यावर) मॅग्नेटिक सेपरेटरवरून न्या, म्हणजे लोखंडाचे तुकडे निघतील, चाळा आणि थंड करा. घाई इथेच नडते. पन्नास अंशांच्या वरची वाळू मिक्सरमध्ये गेली की पाणी उडतं, साच्याच्या कडा हाताला भुगा होऊन लागतात आणि कास्टिंगवर वाळूचे डाग येतात. मग माणसं पाणी वाढवतात, आणि ब्लोहोल (कास्टिंगमध्ये वायूची भोकं) सुरू! ओलावा साधारण ३ ते ४ टक्के पुरे.

दर फेरीत थोडं बेंटोनाइट जळून मरतं. किती घालायचं ते अंदाजाने नको, मिथिलीन ब्लू चाचणीने (जिवंत माती किती उरली ते रंगद्रव्याने मोजतात) ठरवा. मेलेली माती बारीक धूळ होऊन वाळूतून हवा जायची वाट अडवते, म्हणून डस्ट कलेक्टर चालू हवा.

फ्युरानची (एका प्रकारच्या रेझिनने बांधलेली) वाळू यांत्रिक रिक्लेमेशनने, म्हणजे दाणे घासून रेझिन काढून, परत येते, पण जळण-तूट (वाळू तापवल्यावर घटणारं वजन) मोजत राहा. दाण्यावर रेझिन साचलं की वायू वाढतो, रेझिनमधल्या नायट्रोजनमुळे पिनहोल (टाचणीएवढी भोकं) येतात. तेव्हा नव्या वाळूचा वाटा वाढवा.