आयरिश बाळांची सध्या चालणारी नावं, त्यांचे अर्थ, आणि साताऱ्याच्या आजीला कोणती हाक मारता येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहिणीला गॉलवेत बाळ होणार आहे, मेहुणे आयरिश आहेत आणि त्यांना आयरिश नाव हवंय. तर सध्या तिकडे कोणती नावं चालतात, त्यांचे अर्थ काय, आणि साताऱ्यात बसलेल्या आजीला सहज म्हणता येईल असं एखादं आहे का?

मी कॉर्कला एका पाळणाघरात काम करते. रोज सकाळी मुलांचे कोट अडकवताना खुंट्यांवरच्या नावांच्या पट्ट्या डोळ्यांखालून जातात, म्हणून हा विषय माझ्या फार जवळचा आहे. उत्तर लांबेल, पण नाव जन्मभराचं असतं, तेव्हा सवडीनं वाचा.

आधी यादीबद्दल. आयर्लंडचं केंद्रीय सांख्यिकी कार्यालय दरवर्षी बाळांच्या नावांची यादी काढतं. 1964 पासूनची नावं तिथे शोधता येतात. 1964 साली मुलांमध्ये जॉन आणि मुलींमध्ये मेरी पहिल्या क्रमांकावर होती. मुलांमध्ये 2007 पासून 2023 पर्यंत जॅक हेच नाव पहिलं राहिलं, मध्ये फक्त 2016 साली जेम्स पुढे गेलं. मुलींमध्ये मात्र आलटून पालटून चालतं: 2019 ला एमिली, 2020 ला ग्रेस, 2021 ला फिया, 2022 ला परत एमिली, 2023 ला परत ग्रेस. यादीचा वरचा भाग पाहिला तर निम्मी नावं लंडनमध्येही सापडतील अशी दिसतात. त्यांच्या जोडीला फिया, एवा, सर्शा, रीअन, किलियन, टायग, ओशीन, फिऑन ही अस्सल इथली नावं.

पण यादीत जे इंग्रजी दिसतं ते सगळं इंग्रजीच आहे असं समजू नका. ग्रेसचंच बघा. सोळाव्या शतकात मेयोच्या किनाऱ्यावर ग्रॉन्या नी वॉल्या नावाची एक सरदारीण होती. स्वतःची जहाजं, स्वतःची माणसं, आणि 1593 साली थेट पहिल्या एलिझाबेथ राणीला जाऊन भेटलेली. इंग्रजीत तिला ग्रेस ओमॅली केलं. ग्रॉन्या आणि ग्रेस यांचा अर्थानं काडीचाही संबंध नाही, सुरुवातीचा आवाज जुळला एवढंच. पुढे इंग्रजी राजवटीत हे घरोघरी झालं. घरात टायग, तर चर्चच्या वहीत टिमथी. डिअरमिडचा जेरेमाया झाला, डोनखाचा डेनिस, क्रोहूरचा कॉर्नेलियस, सोरखाची सेरा. माणूस आयुष्यभर एका नावानं जगायचा आणि कागदावर दुसऱ्याच नावानं मरायचा. या गोष्टीचं मला अजूनही फार वाईट वाटतं.

म्हणून आजच्या यादीत टायग हे नाव वर आलेलं दिसतं तेव्हा त्याकडे नुसती फॅशन म्हणून बघू नये. टायग म्हणजे कवी. उत्तर आयर्लंडमध्ये याच नावाचं रूप कॅथलिक लोकांना शिवी म्हणून वापरलं गेलं. आता आईवडील ते नाव हौसेनं ठेवतात, आणि तेही जुन्या स्पेलिंगसकट.

ही परत येण्याची वाट सव्वाशे वर्षांची आहे. 1893 साली आयरिश भाषेसाठी गेलिक लीग ही संस्था स्थापन झाली, 1922 साली देश ब्रिटनपासून वेगळा झाला, शाळांत आयरिश शिकवायला लागले. त्यातून आधी शिव्हॉन, शिनेड, डिअर्ड्रा, ग्रॉन्या या नावांची एक पिढी आली. आपल्याकडे सुनंदा, शैलजा, मंगला ऐकलं की साधारण वय कळतं, तसंच या नावांचं आहे. माझ्या पाळणाघरात ही नावं आज्यांची आणि शिक्षिकांची, बाळांची नव्हेत. आणि यातली शिव्हॉन, शिनेड ही मुळात बाहेरून आलेली. बाराव्या शतकात नॉर्मन लोक आले, त्यांच्या फ्रेंच नावांना आयरिश जिभेनं आपलंसं केलं. शॉनही त्यांच्याकडूनच आलं, म्हणजे मूळचं जॉनच.

सध्याची लाट वेगळी आहे. माझ्या पाहण्यात एक गोष्ट ठळकपणे येते: छोटी, स्वरांनी भरलेली, दोन दमांत संपणारी नावं जिंकतात. शिवाय त्यांच्या कानावर येणारा आवाज जगाला ओळखीचा असतो. एवा हे हव्वाचं आयरिश रूप, ते ऐकायला कुठल्याही देशातल्या एवासारखंच. रीअन ऐकलं की रायन आठवतो. फिया मिया-सोफियांच्या ओळीत बसून जातं. आईवडिलांना आयरिश हवंय, पण उद्या मुलगी टोरोंटोत नोकरीला गेली तर अडू नये हेही हवंय. मला यात काही गैर वाटत नाही.

आता अर्थ. इंटरनेटवर प्रत्येक नावापुढे दोन शब्द लिहिलेले असतात, त्यांवर पूर्ण विसंबू नका. किलियन घ्या. कॉर्कचा अभिनेता किलियन मर्फी याला 2024 साली ऑस्कर मिळाल्यापासून हे नाव जगभर माहीत झालं. इथे ते त्याच्या आधीपासून चालत होतंच. कोणी त्याचा संबंध चर्च या अर्थाच्या शब्दाशी लावतं, कोणी झगड्याशी. दोन्ही अर्थ एकाच बाळाला कसे द्यायचे? अशा वेळी नावामागे कोण होऊन गेलं ते बघावं. किलियन नावाचा एक संत सातव्या शतकात आयर्लंडहून जर्मनीत वुर्ट्‌सबुर्गला गेला आणि तिथेच मारला गेला. अर्थापेक्षा ही ओळख मला पक्की वाटते.

रीअनचा अर्थ मात्र सरळ आहे: छोटा राजा. आयरिशमध्ये राजाला री म्हणतात, आणि तो शब्द आपल्या राजाचा लांबचा भाऊबंदच आहे. कीव्हा म्हणजे सौम्य, सुंदर. हेच नाव इकडे दक्षिणेत बरेच जण क्वीव्हा म्हणतात, तेव्हा ज्यांच्या मुलीचं आहे त्यांनाच विचारून घ्यावं. ईफा या नावात तेजाची, सौंदर्याची छटा सांगतात. दंतकथांमध्ये ईफा नावाची एक योद्धा आहे, आणि मुलांना हंस करून टाकणारी एक सावत्र आईही आहे. रोशीन म्हणजे छोटा गुलाब. सर्शा म्हणजे स्वातंत्र्य. हे नाव प्राचीन नाही, ते स्वातंत्र्यलढ्याच्या काळातलं आहे, आणि त्यातच त्याची शान आहे.

फिया आणि ओशीन यांच्यावर मी थोडी जास्त रेंगाळणार आहे. फिया म्हणजे हरीण, आणि रानातलं, माणसाळलेलं नाही असं काहीतरी. ओशीन म्हणजे छोटं हरीण, पाडस. त्यामागची कथा अशी. फिऑन मॅक कूल हा शिकारी वीरांचा नायक. एकदा शिकारीत त्याच्या ब्रॅन आणि श्कोलन या दोन कुत्र्यांनी एका हरिणीला गाठलं, पण चावायचं सोडून ते तिच्याभोवती खेळायला लागले. ती हरिणी म्हणजे शापित बाई होती, सायव्ह तिचं नाव. फिऑनच्या गडावर ती माणूस झाली, त्यांचं लग्न झालं. पुढे फिऑन लढाईला गेला असताना जादूगारानं तिला पुन्हा हरिणी करून पळवलं. फिऑननं वर्षानुवर्षं शोध घेतला. ती सापडली नाही, पण स्लायगोतल्या बेन बुल्बन डोंगरावर त्याच दोन कुत्र्यांना एक उघडा मुलगा सापडला. त्यांनी इतर कुत्र्यांना त्याच्या अंगावर जाऊ दिलं नाही. हरिणीनं वाढवलेला तो मुलगा ओशीन. पुढे नीव्ह नावाची तेजस्वी मुलगी त्याला चिरतारुण्याच्या देशात घेऊन गेली, तिथे तीनशे वर्षं कशी गेली ते त्याला कळलंही नाही. आज इथल्या वर्गात ओशीन, सायव्ह आणि नीव्ह शेजारी शेजारी बसतात. फिया हे नाव एवढं उचललं गेलं त्यामागे या जुन्या हरणांचाही हात असावा असं मला वाटतं.

आता स्पेलिंग. आजीचा प्रश्न इथेच सुटतो, कारण तिला स्पेलिंग वाचायचंच नाही आणि देवनागरीत ही नावं आपण सुरेख लिहू शकतो. अडचण शाळेत, बँकेत आणि विमानतळावर येते. पूर्वी आयरिश लिपीत अक्षर मऊ करायचं असलं की त्याच्या डोक्यावर ठिपका देत. विसाव्या शतकाच्या मध्याला साधी रोमन अक्षरं आली आणि ठिपक्याच्या जागी एच लिहायला लागले. म्हणून बी-एच आणि एम-एच दिसलं की बहुतेक वेळा व म्हणायचं. शिव्हॉन, नीव्ह, कीव्हा, एवा सगळी कुलपं या एका किल्लीनं उघडतात. फियाच्या शेवटी डी-एच असतं, ते मुकं. तेच डी-एच ए नंतर मध्ये आलं की आयसारखं ऐकू येतं, म्हणून टायग आणि सायव्ह.

स्वरावरची तिरकी रेघ, तिला फादा म्हणतात, ती कृपा करून सोडू नका. ती स्वर दीर्घ करते. फादा काढला तर शॉन या नावाचा म्हातारा होतो, कारण बिनफाद्याच्या त्या शब्दाचा आयरिशमध्ये अर्थच म्हातारा किंवा जुना असा आहे. सरकारी कचेऱ्यांच्या संगणकांत फादा उमटत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं भांडले, आणि भाषाविषयक कायद्यात 2021 साली सुधारणा झाली तेव्हा सरकारी संस्थांनी आयरिश नाव नीट लिहावं ही गोष्ट कायद्यात आली. तरी पासपोर्टच्या खालच्या, यंत्रानं वाचायच्या दोन ओळींत फादा येत नाही, आणि विमानाचं तिकीटही त्याच्याशिवायच असतं. त्यानं गोंधळू नका. जन्माच्या नोंदीत तो असला पाहिजे, हे महत्त्वाचं. नोंद करायला तीन महिने मिळतात, तेव्हा बारसं होऊन, सगळ्यांचे रुसवेफुगवे संपूनही वेळ उरेल.

बारशावरून आठवलं. आपल्याकडे कानात कुर्र करायचा मान आत्याचा, आणि या बाळाची आत्या आयरिश असणार. तिला आधीच सांगून ठेवा. इथल्या बायकांना अशा गोष्टी मनापासून आवडतात.

आयरिश-मराठी घर ही इथे नवलाई राहिलेली नाही. 2017 साली पंतप्रधान झालेल्या लिओ वराडकरांचे वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, आणि आई वॉटरफर्डची. त्यांचं पहिलं नाव मात्र आयरिशही नाही आणि मराठीही नाही, ते लॅटिन: सिंह.

तुमच्यासाठी माझी निवड सांगते. मुलगी झाली तर तारा. मीथ परगण्यात तारा नावाची टेकडी आहे, जुन्या आयर्लंडच्या राजाधिराजांचं स्थान. त्या टेकडीवरून मुलींचं हे नाव इथे रुळलंय. मेहुण्यांना ती टेकडी दिसेल, आजीला आकाशातली चांदणी, आणि दोघंही बरोबर असतील. जरा धीट नाव हवं असेल तर मेव्ह. कॉनॉक्टची ती जिद्दी राणी, गॉलवेही त्याच प्रांतात येतं. नावाचा अर्थ झिंग आणणारी, आणि त्याच्या मुळाशी मधाच्या दारूचा शब्द आहे, जो आपल्या मधुचा नातलग. आजीला मेव्ह म्हणायला काहीच जड नाही. सर्शा मला स्वतःला फार आवडतं, पण काही जण सीर्शा म्हणतात आणि मुलीला जन्मभर उच्चार सांगत बसावं लागतं. तेवढी तयारी असेल तरच ठेवा.

मुलगा झाला तर कीअन. अर्थ प्राचीन, चिरकाल टिकणारा. चार अक्षरांचं स्पेलिंग, फादा नाही, मुका एच नाही, आणि किआन नावाची मुलं आता पुण्यातही भेटतात. रीअनही चालेल, पण ते सध्या इतकं पसरलंय की वर्गात दुसरा रीअन हमखास असेल.

राहता राहिली एक जुनी रीत, ती मेहुण्यांना माहीत आहे का विचारा. पूर्वी इथे पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायचे आणि पहिल्या मुलीला आईच्या आईचं. म्हणजे त्या हिशेबानं मुलगी झाली तर तिला तुमच्या आईचं नाव मिळायला हवं. आता ही रीत कोणी काटेकोर पाळत नाही, पण नोंदीत दुसरं नाव लिहिता येतं आणि बरेच जण आजीआजोबांचं नाव तिथे लिहितात. पहिलं नाव मेहुण्यांच्या मनासारखं आयरिश ठेवा, आणि दुसऱ्या जागी तुमच्या आईचं नाव लिहा असं बहिणीला सांगा.