टोकियोवरून एका दिवसात कामाकुरा होतं का? सोबत आई आहे.

हो, कामाकुरा म्हणजे समुद्रकाठचं जुन्या देवळांचं गाव, आरामात होतं. टोकियो स्टेशनवरून योकोसुका लाइनची ट्रेन पकडा, तासाभरात पोचता. आई आहेत तर सगळी देवळं करायच्या भानगडीत पडू नका, एनोदेन नावाची छोटी ट्रेन आहे, घरांच्या अगदी परसातून जाते, तिने हासेला उतरा आणि दाइबुत्सु बघा. 13व्या शतकातला ब्राँझचा बुद्ध, 11 मीटरच्या वर उंच, डोक्यावर छप्पर नाही, आतून पोकळ, थोडे येन देऊन पोटात शिरता येतं. मग जवळच हासेदेरा नावाचं देऊळ, तिथून समुद्र दिसतो, पायऱ्या आहेत पण हळूहळू चढतील. जूनमध्ये हायड्रेंजिया फुलतात तेव्हा मरणाची गर्दी. आणि बीचवर खाताना वर लक्ष ठेवा, घारी हातातलं पळवतात, माझा अर्धा ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, गेलाय!