बर्फात उभ्या ट्रेलरची बॅटरी

प्रश्न : आम्ही मिशिगनमध्ये राहतो. कॅम्पर ट्रेलर नोव्हेंबर ते मार्च अंगणात उभा असतो. सगळे दिवे बंद ठेवूनही गेल्या हिवाळ्यात १२ व्होल्टची पाण्याची बॅटरी फुगून फुटली. असं का झालं?

उत्तर : दिवे बंद असले तरी गॅसगळतीचा अलार्म आणि रेडिओची मेमरी थोडी थोडी वीज खातच राहतात. काही आठवड्यांत बॅटरी उतरते आणि आतलं आम्ल जवळजवळ पाण्यासारखं पातळ होतं. पूर्ण चार्ज बॅटरी उणे ५० अंश सेल्सिअसलाही गोठत नाही. उतरलेली मात्र उणे ७ च्या आसपासच गोठते. तुमची नुसत्या थंडीने नव्हे, उतरल्यामुळे गोठून फुटली.

यंदा आधी पूर्ण चार्ज करा. बॅटरीतल्या शिशाच्या प्लेटा पाण्याबाहेर उघड्या दिसल्या तर त्या बुडेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगआधी घाला, उरलेलं नंतर. मग आधी निगेटिव्ह, नंतर पॉझिटिव्ह वायर काढा. टर्मिनलवरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, पण ते पाणी झाकणांतून आत जाऊ देऊ नका. बॅटरी गॅरेजमध्ये ठेवून महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट उत्तम, १२.४ च्या खाली गेली की लगेच चार्ज करा. गोठलेली बॅटरी चार्जरला कधीही लावू नका, ती फुटू शकते. लिथियम बॅटरी असेल तर शून्य अंशाखाली चार्जिंग टाळाच.