रोलर उतरवण्याआधी रेघांमधलं अंतर मोजा

तुम्ही लिहिलंय, पाऊस सुरू झाल्यापासून सँडिंग मशीनचे (लाकूड घासून गुळगुळीत करणाऱ्या मशीनचे) सँडपेपरचे नवे बेल्ट कडेला वळतायत, व्हिनिअरवर, म्हणजे लाकडाच्या पातळ थरावर, बारीक आडव्या रेघा येतायत आणि मशीनवाल्यांचा माणूस बेल्ट फिरवणारा रबरी रोलर घासून घ्या म्हणतोय. वाचता वाचता पोटात गोळा आला, कारण सहा वर्षांपूर्वीचा माझा जुलै अगदी असाच गेला. कृपा करून आज रोलर उतरवू नका. दोन दिवसांनी काही बिघडणार नाही.

माझा गाळा मुंबईत साकीनाक्याला. तेव्हा एका इमारतीच्या ४२ दरवाजांचं काम होतं, सागाचं व्हिनिअर, वरून स्टेन (लाकडात मुरणारा रंग) आणि पॉलिश. मे महिन्यात बेल्ट स्वस्तात मिळाले म्हणून चार पेट्या एकदम उचलल्या. बेल्ट पेटीतून काढून भिंतीवरच्या इंची लोखंडी पाइपावर टांगले, कारण जागा तेवढीच होती आणि आमच्याकडे आधीपासून तसंच चालायचं. भिंत पश्चिमेची, पावसाचा सगळा मारा तिच्यावर. जूनच्या शेवटी भिंतीला हात लावला तर थंड ओल लागायची. बेल्टकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

सँडिंग झालं तेव्हा दरवाजे हाताला गुळगुळीत लागत होते. स्टेन चढला आणि वरपासून खालपर्यंत शिडीसारख्या रेघा उठल्या. पहिल्या ११ दरवाजांना. अर्ध्या मिलिमीटरचं व्हिनिअर, परत घासायला वाव कुठे? त्यातले सात बाद झाले.

मशीनच्या सर्व्हिस ऑफिसला फोन केला. माणूस आला, रोलरवर बोट फिरवलं, म्हणाला रबर खराब झालंय. त्याने बेल्ट बघायलाही मागितला नाही. रोलर काढून रबर घासून परत बसवेपर्यंत नऊ दिवस आणि ३८,००० रुपये गेले. मशीन सुरू केलं, रेघा तशाच. परत फोन केला तर बेल्टवाल्यांना विचारा म्हणाले. बेल्टच्या डीलरकडे गेलो तर तो म्हणाला मशीनवाल्यांना विचारा, आणि पेटीवरचं बॅच नंबरचं लेबल आणा. पेट्या मेमध्येच रद्दीत गेल्या होत्या. तीन आठवडे दोघांच्या मध्ये चेंडूसारखा फिरलो. एकानेही, "बेल्ट कुठे ठेवता?" एवढं विचारलं नाही. तो राग अजून गेलेला नाही. पैशांपेक्षा, आमच्या कारागिरांनी हाताने दुरुस्त करायला घेतलेल्या चार दरवाजांवर रात्री एकपर्यंत बसून काढलेले दिवस आठवतात.

शेवटी कारण सापडलं ते स्टीलच्या पट्टीने. हे तुम्ही आजच करा. सँड केलेल्या फळीवर टॉर्च जवळजवळ आडवा धरा, रेघा दिसतील. एका रेघेपासून पुढच्या दहाव्या रेघेपर्यंतचं अंतर मोजा आणि दहाने भागा. आता गणित. माझा बेल्ट १९०० मिलिमीटर लांबीचा, वेग सेकंदाला १८ मीटर, म्हणजे सेकंदाला साधारण साडेनऊ फेरे. फीड, म्हणजे लाकूड मशीनमधून पुढे सरकण्याचा वेग, मिनिटाला ६ मीटर, म्हणजे सेकंदाला १०० मिलिमीटर. १०० भागिले साडेनऊ, साडेदहा मिलिमीटर. बेल्टमध्ये एका जागी खोट असेल तर रेघा साडेदहावर पडणार. रोलर २५० मिलिमीटर व्यासाचा, त्याचा घेर ७८५, म्हणजे सेकंदाला जवळपास २३ फेरे. खोट रोलरमध्ये असती तर रेघा चार-साडेचार मिलिमीटरवर पडल्या असत्या. माझं दहाव्या रेघेपर्यंतचं अंतर १०६ मिलिमीटर भरलं, म्हणजे रेघा साडेदहाच्या आसपास. रोलर निर्दोष होता.

बेल्ट उतरवून पाठीवरून हात फिरवला. बेल्टची दोन टोकं जिथे चिकटवलेली असतात त्या जोडाला खोट नव्हती. पण जिथे तो पाइपावर टांगलेला होता तिथे अख्ख्या रुंदीभर एक घडी होती, नखाला लागेल इतकी. जोड मुद्दाम तिरका कापलेला असतो, त्यामुळे सगळी रुंदी लाकडावर एकदम आदळत नाही. घडी सरळ आडवी, ती एकदम आदळते. पाठीचा कागद दमट हवेत ओल धरून नरम पडला होता, बेल्टच्या स्वतःच्या वजनाने बारीक पाइपावर मोडला.

कडा वळण्याचं मूळही तेच. कागदाची पाठ ओल पिऊन फुगते, वरचा ग्रिट-डिंकाचा (घासणाऱ्या दाण्यांचा) थर तितका फुगत नाही, म्हणून बेल्ट पन्हाळीसारखा होतो. मग मशीनच्या सेन्सरला कड नीट सापडत नाही आणि बेल्ट एका बाजूला पळतो. तुमचे दोन बेल्ट जोडावर तुटले म्हणता, त्यातही ओलीचा हात असेल असं मला वाटतं, पण जोड प्रत्यक्ष बघितल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही.

एक चूक मात्र करू नका, मी केली होती. वळलेले बेल्ट हॅलोजनच्या दिव्यासमोर वाळवले. ते उलट्या बाजूला वळले आणि कागद कडक होऊन कडेला चिरला. शिवाय सँडिंगची धूळ असलेल्या गाळ्यात उघडा गरम दिवा म्हणजे आगीला आमंत्रण. कपाटात बल्ब लावून ठेवायचा सल्ला कुणी दिला तरी मी तो मानणार नाही.

आता माझ्याकडे सहा इंची पीव्हीसी पाइपाचे तुकडे आहेत, ड्रेनेजचा साधा पाइप. ते आतल्या भिंतीपासून हातभर पुढे टांगलेत. बेल्ट लावायच्या आदल्या दिवशी पेटीतून काढून त्यावर टांगतो, किमान २४ तास, म्हणजे गुंडाळीचा बाक निघून जातो. बाकीच्या पेट्या लाकडी पॅलेटवर, जमीन आणि भिंत दोन्हींपासून लांब, बंदच. कंपन्या साधारण १८ ते २२ अंश आणि ४५ ते ६५ टक्के आर्द्रता सांगतात. जुलैत साकीनाक्याच्या उघड्या गाळ्यात ते स्वप्नच आहे, म्हणून प्लायचं बंद कपाट करून त्यात हवेतली ओल ओढणारा छोटा डीह्युमिडिफायर आणि आर्द्रता मोजणारा ४०० रुपयांचा हायग्रोमीटर ठेवलाय. काटा ६० च्या वर गेला की दार उघडायचं नाही, अशी सक्त ताकीद आहे. पावसाळ्यात तीन आठवड्यांपुरतेच बेल्ट आणतो. स्वस्त मिळाले तरी जास्त नाही. पेटीचं लेबल कापून वहीत चिकटवतो.

रात्री मशीनवरच्या बेल्टचा ताण सोडायला विसरू नका. बेल्टच्या आतल्या बाजूला बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेलाच. साग तेलकट, त्यामुळे १८० आणि २४० चे ग्रिट (आकडा मोठा तितका दाणा बारीक) लवकर भरतात. आधी धूळ ओढणारी लाइन तुंबली नाही ना बघा, बेल्ट साफ करायची क्रेप रबराची कांडी नंतर. तारेचा ब्रश अजिबात नाही. ८० वरून थेट १८० वर उडी मारून बारीक बेल्टला खोल ओरखडे काढायला लावू नका, तो तापतो आणि राळ चिकटते.

मी इंजिनिअर नाही, बावीस वर्षं लाकडात आहे एवढंच. मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर तेच माना. तुमचं रेघांचं अंतर, बेल्टची लांबी आणि वेग, फीड आणि रोलरचा व्यास इथे टाका, गणित मी करून देतो. तोपर्यंत त्या माणसाला रोलरला हात लावू देऊ नका.